कल्ले बघून घेतलेला कॉम्प्युटर

रियाला तिच्या आईने, यमुनाबाईंनी, निम्म्या किमतीत कॉम्प्युटर घेऊन दिला. हे वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढे चला. त्यांच्या घरातही सगळे तसंच समजतात.

तर, मे २००९, मालवण. रिया कॉम्प्युटर शिकून घरी बसली होती. पणजीतल्या एका कंपनीला मोबाईलवर चालणारा प्रोग्राम हवा होता: आज कुठल्या बंदरावर कुठला मासा काय भावाने गेला, ते दाखवणारा. सोमवारपर्यंत चालता नमुना पाठवला तर घरबसल्या नोकरी. नाही पाठवला तर डोंबिवलीची मावशी, आणि मावशीने आधीच बघून ठेवलेलं साड्यांचं दुकान. कॉलेज सुट्टीमुळे बंद होतं. सायबर कॅफेवाला आपल्या मशीनवर काही टाकू देईना. मागे कोणीतरी रांगोळीचे नमुने टाकले आणि व्हायरस आला होता. म्हणजे स्वतःचा कॉम्प्युटर हवा, तोही स्वस्तात, आणि शुक्रवार तर उजाडलासुद्धा होता.

काय बघून घ्यायचं, ते कॉलेजच्या सरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. यमुनाबाईंना चिठ्ठीची गरज नव्हती. बावीस वर्षं मासे विकलेली बाई. डोक्यावरच्या माशांच्या पाटीसकट त्या नितेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानापाशी पोचल्या, आणि त्यांच्या मागोमाग एक मांजर पोचलं.

"गो रिया, तू हंय पाटीकडे बस."

"आये, पण कॉम्प्युटर माका होयो आसा!"

"मासो घेताना कोणी कढीक इचारता काय? बस थंय."

रियाने निदान चिठ्ठी तरी दिली. यमुनाबाईंनी ती न वाचता कमरेला खोचली आणि आत शिरल्या.

"नमस्कार, या. काय दाखवू?" नितेश म्हणाला. गल्ल्यामागे बसलं की त्याला शुद्ध मराठी आपोआप यायचं.

"कल्ले दाखव."

"कल्ले?"

मासा ताजा आहे का ते कल्ले उघडून बघतात, तसं यमुनाबाईंनी समोरच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या फटींत बोट घालून बघितलं, मग नाक लावलं. "वास येता."

"नवीन आहे, म्हणून वास येतो."

"ताज्याक वास नसता रे. माका शिकव नको."

नितेशचं शुद्ध मराठी इथेच संपलं. "काकी, ह्यो असेंबल आसा. एकेक भाग येगळो घेवचो, मगे मी जोडून देतंय."

"तुकड्यान विकतंस?" यमुनाबाईंचे डोळे चमकले. "मगे आधी सांगूक काय झाला?"

त्यांनी पदर खोचला आणि एकेक वस्तू हातावर तोलायला सुरुवात केली. नवा चपटा मॉनिटर उचलून परत ठेवला. "भाकरेसारखो ह्यो. ह्येचे कसले पैशे?" कोपऱ्यात जुना, पोटाळा मॉनिटर होता. तो उचलताना त्यांना धाप लागली, म्हणून तो पसंत पडला. यूपीएस तर उचललाच गेला नाही. तो त्यांनी न विचारता घेतला.

"आणि ही पट्टी?"

"रॅम. दोन हजार."

"बोटभर पट्टी नि दोन हजार? काटो विकतंस काय? काढ ती."

"काकी, तिच्याशिवाय कॉम्प्युटर चलाचो नाय!"

"डोक्याशिवाय कढी जायत नाय, असा मी पण सगळ्या गिऱ्हायकांका सांगतंय. काढ."

"रियाक तरी इचारूया?"

"तेका काय कळता? ते स्पीकर फुकट घाल, नि बांध."

नितेशने बांधलं. बाहेर रियाने तोवर अर्धी पाटी विकली होती आणि मांजराशी तिचं पटलंही होतं. वाचलेल्या पैशांत यमुनाबाईंनी येताना कॉम्प्युटरसाठी सागवानी टेबल घेतलं.

संध्याकाळी रियाने सगळ्या वायरी जोडून बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, पंखा फिरला, आणि दोघी पंखा बघत बसल्या. पाऊण तासाने रियाने कॅबिनेट उघडलं.

"आये, रॅम खंय?"

"ती पट्टी? काढूक लायलंय."

"नि प्रोसेसर?"

"पंख्याखालचा ता? नखाएवढा काय तरी होता. मी म्हटलंय, पंखो ऱ्हवांदे."

रिया तशीच दुकानाकडे धावली. नितेश लग्नाला गोव्याला गेला होता. शटरवर 'मंगळवारी उघडेल' असं शुद्ध मराठीत लिहिलं होतं. टेबलवाला विकलेलं टेबल परत घेत नव्हता.

शनिवार आणि रविवार रिया त्या टेबलावरून उठली नाही. सोमवारी सकाळच्या पणजी गाडीने एक जाडजूड पाकीट रवाना झालं. त्यातलं वरचं पत्र असं:

"मा. व्यवस्थापक साहेब यांस,

विषय: चालता नमुना चालत नसल्याबाबत.

महोदय, आपण मागवलेला प्रोग्राम मुदतीत पूर्ण झाला असून तो स्वच्छ अक्षरात, पाने एक ते एकशे अठरा, सोबत जोडला आहे. पान चौसष्टवर माशाच्या तिखल्याचा डाग पडला आहे, तो अर्धविराम धरू नये. तरी सदर प्रोग्राम आपण आपल्या कॉम्प्युटरवर स्वतः टाईप करावा, चुका आढळल्यास स्वतः दुरुस्त कराव्यात, आणि तो चालू होईपर्यंतचा आपला सर्व वेळ माझ्या हजेरीत धरून मला आजपासूनच कामावर रुजू मानण्यात यावे, ही नम्र विनंती."