सकुबाईच्या अंबाडीचा रिपोर्ट

गांजाचं झाड आपण लांबूनच ओळखतो, असं जमादार सावळाराम छातीठोकपणे सांगायचा. २००४ साली ठाण्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्यावर तर तो गांजाच्या जातीही पाडू लागला. झाडात नशा आणणारं टीएचसी जास्त तो नशेचा, नशा न आणणारं सीबीडी जास्त तो दोराचा, दोन्ही सारखं असेल तो मधला. जात प्रयोगशाळेतच ठरते, असं सरांनी शेवटी सांगितलं होतं. पण तेव्हा सावळाराम जेवायला गेला होता.

भादव्यात वैशाखऱ्याजवळच्या एका पाड्यावर, सकुबाईच्या नाचणीच्या कडेला, त्याला पाच-पाच बोटांची पानं दिसली. बढतीच समोर डोलत असल्यासारखं वाटलं त्याला.

“हे काय लावलंय, मावशी?”

“अंबाडी हाय, सायेब. भाजी करतो.”

“खाल्ल्यावर कसं वाटतं?”

“लय बरं वाटतं.”

त्याने वहीत लिहिलं : नशेचा.

“आणि काड्यांचं काय करता?”

“भिजत घालतो. दोर वळतो.”

सावळारामने ‘नशेचा’ खोडून ‘मधला’ लिहिलं, चार झाडं उपटून, सील करून तपासणीला पाठवली आणि रिपोर्ट येईपर्यंत गाव सोडायचं नाही, असं सकुबाईला बजावलं.

“मला नेलं तर शेळ्या कोण बघंल?” एवढंच ती पंधरा दिवस शेजारणीला विचारत राहिली.

रिपोर्ट आला. टीएचसी नाही, सीबीडी नाही. झाड गांजाचं नसून अंबाडीचं आहे. फौजदारांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “याची नक्कल तुम्हीच नेऊन द्या. माफीसुद्धा मागा.”

सावळारामने दोन्ही केलं. सकुबाईने कागद उलटासुलटा पाहिला. “शिक्का सरकारी हाय ना?” तिने विचारलं आणि घडी घालून कनवटीला लावला.

पुढच्या बाजाराला सावळाराम मुरबाडला बंदोबस्तावर होता. एका भाजीवालीभोवती ही गर्दी! मध्ये सकुबाई, पुढ्यात अंबाडीच्या जुड्या आणि दगडाखाली तो रिपोर्ट.

“बरं झालं आलात, सायेब. मला वाचता येत नाय. या बायांना दाखवा वाचून.”

इलाज नव्हता. त्याने वाचलं.

“तपासायला कोणी पाठवली होती?” एका बाईने विचारलं.

“मीच,” सावळाराम पुटपुटला.

“खुद्द पोलिसानं? मग दे गो दोन जुड्या.”

दुपारपर्यंत पाटी रिकामी झाली. सावळारामने रिपोर्ट सतरा वेळा वाचला. शेवटी शेवटी तर कागदाकडे बघायचीही गरज उरली नव्हती.