बाकड्याचा विमा

आमच्या गिरणीवाल्या राऊळला कुठलीही छापील वस्तू द्या, तो ती आधी उलटी करतो. लग्नपत्रिका आली तर वधूवरांची नावं वाचायच्या आधी मागे काय छापलंय ते बघतो. बिस्किटाचा पुडा, औषधाची पट्टी, निवडणुकीचं पत्रक, सगळं पाठीकडून. त्याच्या मते पुढे छापतात ते गिऱ्हाइकासाठी आणि खरं काय ते मागे, बारीक अक्षरात. "पुढचा पान सगळ्यांचा चांगलाच आसता," तो म्हणतो, "मागचा दाखव." माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा व्याही पहिल्यांदाच आमच्याकडे येत होते आणि पत्ता विचारायला गिरणीपाशी थांबले. राऊळने त्यांना जिना दाखवायच्या आधी विचारलं, मुलगा चांगला आहे ते कळलं, पण मागच्या पानावर काय? व्याही वर आले ते घाम पुसतच. लग्नानंतर जावई घोरतो असं कळलं, तेव्हा राऊळने मला खाली बोलावून ऐकवलं की त्याच वेळी उत्तर घेऊन ठेवायला हवं होतं.

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर चार गाळे आहेत. त्यातला कोपऱ्यातला राऊळचा. माणूस मूळचा मालवणकडचा, इथे येऊन तीस वर्षं झाली. भुवयांपासून पायाच्या नखांपर्यंत तो कायम पिठात असतो, त्यामुळे त्याचे केस पिकले कधी ते कुणालाच कळलं नाही. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं असतं ही गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नाही. गव्हात खडे निघाले तर तो ते कागदात बांधून परत देतो आणि चार लोकांत सांगतो की हे तुमचं धान्य. कोणाकडे बाजरी किती जाते, कोणी ज्वारी सोडली, कोणाच्या घरी डाएट सुरू झालं, सगळं त्याला पाठ. आमच्या बिल्डिंगची खानेसुमारी करायला सरकारने माणूस पाठवायची गरज नाही, राऊळला विचारलं तरी काम होईल.

गिरणीबाहेर एक लाकडी बाकडं होतं. दुपारी चारच्या सुमारास त्यावर बायका बसायच्या. राऊळ त्यांच्या नावाने अखंड कटकट करायचा, की यांना घरात कामं नाहीत, अर्धा किलो दळण आणि दोन तास गप्पा. माझी बायको सुधाही त्यांच्यातलीच. रोज चार वाजले की डबा उचलून निघाली. रोज काय दळायचं असतं असं मी तिला विचारायचो, तर ती हसून जिना उतरायची. हल्ली तेच तेच दोनदा सांगायची तिला सवय लागली होती, आणि मी दोनदा चिडायचो.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या भानगडीत मी तज्ज्ञ म्हणून शिरलो. मी एका विमा कार्यालयातून निवृत्त झालो, क्लेमच्या विभागातून. लोकांचे अर्ज वाचायचे आणि त्यात काय नाही ते शोधायचं, हे माझं चौतीस वर्षांचं काम. ते मी चोख केलं. माझ्या टेबलावरून अपुरा कागद पुढे गेला नाही. राऊळ मला साहेब म्हणतो, पण ते ज्या सुरात म्हणतो त्यात साहेब फारसा उरत नाही.

झालं असं की शेजारच्या ड्रायक्लीनरच्या गाळ्यात शॉर्टसर्किट झालं. जळल्या चार साड्या आणि एक कोट, पण कमिटीला हवं ते मिळालं. आमचा सेक्रेटरी बरोबर गिरणीच्या वर राहतो आणि त्याच्या एसीत पीठ जातं. त्याने ठराव केला की दिवाळीच्या आत प्रत्येक गाळेवाल्याने विमा दाखवायचा, नुसता आगीचा नाही, दुकानात आलेल्या माणसाला इजा झाली तर भरपाई देणारासुद्धा. नाहीतर गाळा बंद. बाकीच्या तिघांनी आठवड्यात कागद आणून दिले. ठराव त्यांच्यासाठी नव्हताच. राऊळने कागद आणला नाही तर गिरणी जाणार, हे कमिटीला माहीत होतं आणि राऊळलाही.

तो माझ्याकडे आला. म्हणजे खालून हाक मारून मलाच त्याने खाली बोलावलं. मी विमा म्हणजे काय यावर बोलायला सुरुवात केली, तर म्हणाला ते सेक्रेटरीला सांगा, मला माणसं आणून द्या.

मी एकामागून एक एजंट आणले. पहिला टॅब घेऊन आला होता. त्यात एक हसरं दुकान, हसरा दुकानदार आणि वर छत्री, असं चित्र हलत होतं. राऊळने टॅब हातात घेतला आणि उलटा केला. मागे काहीच छापलेलं नाही म्हटल्यावर त्याने तो परत दिला आणि नमस्कार केला. दुसरी एक चुणचुणीत मुलगी होती. तिने सगळी कलमं छापून आणली होती, म्हणून तिला बसायला स्टूल मिळालं. मग राऊळने वगळलेल्या बाबींच्या पानावर पेन्सिल ठेवून विचारायला सुरुवात केली. उंदराने मशीनचा पट्टा कुरतडला तर? मिरवणुकीतलं रॉकेट आत शिरलं तर? सेक्रेटरीने वरून बादली ओतली तर ते पुरात धरणार की मारामारीत? मशीन चालू असताना मीच मेलो तर बटण कोण बंद करणार आणि तोवर लागलेल्या विजेचं बिल कोण भरणार? पोरगी हुशार, तिने बादलीपर्यंत टिकाव धरला.

पण एक प्रश्न तो प्रत्येकाला विचारायचा आणि त्यावर प्रत्येक जण गार व्हायचा.

"गिऱ्हाईक पीठच दळूक घेवन इला, तर तेका गिऱ्हाईक धरतत काय नाय?"

एजंट माझ्याकडे बघायचे. मी खांदे उडवायचो. पीठ कोण दळायला आणेल, असं त्यांनी विचारलं की राऊळ म्हणायचा, आणला तर. तुमच्या कागदात लिहिलंय दुकानात कामासाठी आलेला माणूस. पीठ दळणं हे काम होतं की नाही ते सांगा. मी हा किस्सा सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींना नकलेसकट सांगायचो. घरी सुधालाही सांगितला. ती हसली नाही, तेव्हा मला वाटलं तिला समजला नाही, म्हणून मी पुन्हा सांगितला.

शेवटी मी माझ्या हाताखाली तयार झालेल्या भोईर नावाच्या अधिकाऱ्याला फोन केला. भला माणूस. माझ्याकडून गिरणीचं वर्णन ऐकून त्याने मला आवडेल असा सरळ हिशेब मांडला. मशीन जुनं आहे पण चालेल, वायरिंग नवं आहे, चांगलं. अडचण एकच, बाकडं. ते गाळ्याच्या बाहेर, सोसायटीच्या जागेत. तिथे कोणी पडलं तर पॉलिसी लागू नाही, आणि दारात अडथळा म्हणून शेरा वेगळा. बाकडं उचला, मी येऊन बघून जातो, आठ दिवसांत कागद हातात. मी खाली जाऊन राऊळला ही खुशखबर दिली. तो म्हणाला, बाकडं निघणार नाही.

मी समजावलं. तपासणीपुरतं तासभर हलवा म्हटलं. नाही. रंगवायला नेतो असं बायकांना सांगून न्या आणि परतच आणू नका म्हटलं. यावर तो असा काही उखडला की दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. दिवाळी जवळ आली होती. सेक्रेटरी येताजाता गिरणीच्या पाटीकडे बघून हसायला लागला होता. ज्या बायकांना हा माणूस सकाळसंध्याकाळ शिव्या घालतो त्यांच्या बुडाखालच्या फळीसाठी तो धंदा घालवायला निघालाय, असं मी सगळ्यांना सांगितलं. हट्टी माणसाला विमा नसतो, हे माझं वाक्य मला फार आवडलं होतं.

मग एका सकाळी टेम्पो आला आणि गिरणीतलं मिरची-मसाला कुटायचं मशीन घेऊन गेला. मी गॅलरीतून बघत होतो. एप्रिल-मे महिन्यात मुलुंडभरच्या बायका त्या मशीनपुढे रांग लावतात, राऊळचं खरं वर्ष त्या दोन महिन्यांवर निघतं. ते त्याने विकलं. आणि जी जागा मोकळी झाली तिथे, गाळ्याच्या आत, भिंतीला लावून, बाकडं ठेवलं. मी खाली धावलो. मिरचीने डोळे जळतात, एवढंच त्याने सांगितलं. तीस वर्षांनी त्याचे डोळे जळायला लागले. मी त्याला तोंडावर मूर्ख म्हटलं. तो म्हणाला, तुमच्या भोईरला बोलवा.

भोईर येणार होता अकराला, आला चारला. मीही मध्यस्थ म्हणून उभा. आत बाकड्यावर सुधा एकटीच बसली होती, मांडीवर डबा. भोईरने तिला नमस्कार केला, मशीन बघितलं, पट्ट्याची जाळी बघितली, बाकडं आत आहे म्हणून खूण केली. मग गिऱ्हाइकांचा माल कसा ठेवतात ते बघायला त्याने सुधाकडून डबा मागून घेतला आणि झाकण उघडलं.

"सर, हे तर पीठ आहे," तो मला म्हणाला. मग सुधाला, "वहिनी, तुमचं दळण झालंय की."

"नाही हो," सुधा म्हणाली, "गहू आहेत. नंबर लावलाय ना मी."

मी डब्यात बघितलं. वरपर्यंत पीठ होतं. मी तोंड उघडलं, नेहमीसारखं तिला सुनावायला, आणि तेवढ्यात राऊळने भोईरच्या हातातून डबा काढून घेतला.

"वैनींका बारीक लागता," तो म्हणाला. "एकदा दळून भागना नाय. दोनदा दळूचा लागता."

त्याने डबा आत नेला आणि मशीन सुरू केलं. त्या आवाजात कोणाला काही बोलता येईना. भोईर कागदावर पेन टेकवून माझ्याकडे बघत राहिला. मशीन थांबल्यावर त्याने हलकेच विचारलं, "सर?" चौतीस वर्षं मी असल्या जागी लाल रेघ मारलेली आहे. मी म्हटलं, "हो. आमच्याकडे बारीकच लागतं." भोईरने लिहून घेतलं आणि तो गेला.

राऊळने मला पोत्यांच्या बाजूला नेलं. खाली बघत, पिठाचा हात पिठाच्या लेंग्याला पुसत तो बोलला, आणि एकदाही साहेब म्हणाला नाही.

"तुमच्या घरात माणसा दोन. पाच किलो तुमका तीन आठवडे पुरतत. गणपतीच्या आधी वैनी एका आठवड्यात चारदा इल्यो. पाहुणे नाय, सण नाय. चौथ्या टायमाक डब्यात पीठच होता."

तेव्हापासून रोज. तो डबा आत न्यायचा, मशीन चालवायचा, डबा परत द्यायचा. ती समाधानाने वर यायची. एकदा त्याने बाकडं रंगवायला बाजूला काढलं तर ती थांबलीच नाही, डबा घेऊन सरळ चालत राहिली. गिरणी उघडी टाकून हा मागे धावला आणि हायवेपाशी तिला गाठलं. त्या दिवशी ती उशिरा घरी आली होती ते मला आठवलं. चहाची वेळ टळली म्हणून मी काय काय बोललो होतो तेही आठवलं.

"मला सांगायचं नाही का?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"वैनी म्हणाल्यो, ह्यांका सांगू नकात. ते चिडतत."

मला त्याचा राग आला, मग माझी लाज वाटली, आणि मग नुसतीच भीती. मी विचारलं, मशीन विकलंत त्याचं काय. तो म्हणाला, मिरचीने डोळे जळतात, एकदा सांगितलं ना.

सुधा बाकड्यावरून उठली. राऊळने डबा तिच्या हातात न देता माझ्या हातात दिला. तो अजून गरम होता. आम्ही दोघं जिना चढायला लागलो. पहिल्या मजल्यावर ती म्हणाली, आज लवकर झालं दळण. मी म्हटलं, हो, लवकर झालं. दुसऱ्या मजल्यावर ती पुन्हा म्हणाली, आज लवकर झालं नाही दळण? मी म्हटलं, हो गं, लवकर झालं. तिसऱ्या मजल्यावर, दारात किल्ली शोधताना, ती तिसऱ्यांदा काही बोलणार होती, पण थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मग मीच म्हटलं, आज लवकर झालं दळण.