पुसून खाणारे दत्तूअण्णा

भजी सुतानं पुसून खाणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय, तोही रोज सकाळी, माझ्याच ओट्यावर.

आमचे शेजारी दत्तूअण्णा. सोलापूरच्या एका कापडगिरणीत आयुष्यभर जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. सत्तर सालानंतर कधीतरी घरी बसले, पण गिरणी काही अंगातून गेली नाही. तिथं यंत्राचं तेल पुसायला गुंतलेलं सूत देतात, त्याला वेस्ट म्हणतात. त्या वेस्टचा धुतलेला पुंजका अण्णांच्या खिशात कायम असायचा. भजं हातात आलं की आधी दाबून पुसायचं, मग पुंजका उजेडाकडं धरून बघायचा, मगच तोंडात. एका बारशात त्यांनी जिलबी पुसली. ती सगळी सुताला चिकटली, आणि पंगत उठली तरी अण्णा आपले दोरे काढत बसलेले.

आता हे खूळ आलं कुठून ते सांगते. एकदा चढावर चालताना त्यांच्या छातीत आवळल्यासारखं झालं, डावा हात भरून आला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्यांत आतून चरबी बसलीय, वाट अरुंद झालीय. बसलेलं निघत नाही, पण वाढू द्यायचं नाही. बिडी बंद, तेल-तूप-शेंगदाणे कमी, रोज झेपेल तेवढं चालायचं, आणि दुखलं की जागेवर थांबून गोळी जिभेखाली धरायची. नाहीतर पुढच्या खेपेला मी काही करू शकणार नाही, असंही म्हणाले.

अण्णांनी ते आपल्या भाषेत बसवून घेतलं. "पाइप हाय वैनी. आतनं चिकटा धरलाय. धार बारीक झालीया. ज्या दिशी बंद, त्या दिशी शेवटचा भोंगा."

बिडी मात्र त्यांनी खरंच सोडली. चालायलाही लागले. पण चालणं म्हणजे काय, तर चार दारं चालायची आणि प्रत्येक दारात थांबून कढईत डोकावायचं. "किती वतलं तेल? दिवाळी हाय व्हय आज?" पलीकडच्या मल्लम्माच्या घरी हातमाग होते. तिनं एकदा झारा तसाच हातात धरून विचारलं, "अण्णा, तुमी खायाला आलाव का मशीन पुसायला?"

"दोनी," अण्णा म्हणाले आणि तिची पुरी पुसायला घेतली.

पुढं संक्रांतीला मी वाण घेऊन त्यांच्या घरी गेले. अण्णा जेवत होते. त्यांची बायको रुक्मी, माझ्याहून बरीच लहान, हाताची मोठी सढळ. तिची शेंगाचटणी आमच्या गल्लीत नावाजलेली. उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची, आणि वर आणखी तेलाची धार. कडक भाकरीवर तिनं तिचा भला थोरला गोळा वाढला, अण्णा मुकाट्यानं खात होते. पुसलं नाही की काही नाही.

मी म्हटलं, "काय अण्णा, आज वेस्ट कुटं गेलं?"

अण्णांनी माझ्यावर असे डोळे वटारले की मी वाण ठेवून उठलेच.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर आले, भज्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "वैनी, तिच्याम्होरं बोलू नका. मी तिला सांगितलंय, बिडीनं झालं. निस्ती बिडीनं."

"आणि शेंगदाणे?"

"ते कसं सांगू? लगीन झाल्यापास्नं वाढतीया. तिला वाटंल, आपल्याच हातानं घातलं. मग तिला घास उतरंल का?" मग म्हणाले, "म्हनून तर तुमच्याकडलं पुसतो. हितं वाचवायचं आन् तितं भरायचं."

आता या हिशेबाला काय म्हणावं. तासाभरानं मी वाटी घेऊन रुक्मीच्या दारात गेले. "रुक्मे, आमच्याकडं कुणाला दुसरी चटणी चालंना बघ." ती इतकी खूश झाली की डबा उपडाच करायला निघाली. मल्लम्मालाही मी एवढंच सांगितलं की रोज मागायची. मग बाकीच्याही मागायला लागल्या. दुपारच्या आत उखळ रिकामं.

रुक्मी नवऱ्याला ठसक्यात सांगायची, "आजबी सपली वो. गल्ली सोडंना मला. घ्या आपलं वरण."

अण्णा वरणाशी भाकरी खायचे. छातीत आवळायचं ते काही गेलं नाही, पण चौथ्या दारानंतर पाचवंही गाठायला लागले. मला वाटलं, माणूस सुटला.

एके सकाळी ओट्यावर बसले. मी भजी पुढं केली, तर नको म्हणाले. दाराकडं बघितलं, मग आवाज उतरवून म्हणाले, "वैनी, काल तिच्याकडनं न्हेलेली चटणी… हाय का जरा? एक बोट बास. लई दिस झालं की."

मी वाटी आणली. त्यांनी बोटाच्या टोकावर घेतली आणि जिभेवर ठेवून डोळे मिटून बसले, गोळी ठेवल्यासारखे. वेस्टचा पुंजका खिशातच होता. बोट त्यांनी पुसलं नाही.