मंजूर झालेली पाल

मुलांच्या प्राणिविषयक मासिकात छापायच्या प्रत्येक प्राण्याचं वर्तन आधी संस्कार समितीकडून तपासून घ्यावं लागे. मासिक शाळांना सक्तीचं होतं आणि समितीचा शिक्का नसलेला अंक एकही शाळा घेत नसे. प्रत्येक लेखाखाली एक चौकट असे : 'यावरून आपण काय शिकलो?' ज्याच्यापासून काही शिकता येत नाही, त्या प्राण्याला मासिकात थारा नव्हता. त्यामुळे मुंगी दरवर्षी येई. घुबडाला समितीने रात्री साडेआठला झोपायला लावलं होतं. सिंहीण शिकार करते आणि सिंह लोळत पडतो, या वाक्याचं 'दोघं मिळून घर सांभाळतात' असं झालं होतं.

संपादक हे सगळं निमूटपणे छापत. नोकरी बरी होती, खुर्ची फिरती होती. पण एका संध्याकाळी त्यांच्या सात वर्षांच्या लेकीने, म्हणजे बबडीने, ओट्यावरची पाल झाडूने हाकलली. पाल कपाटामागे गेली आणि शेपूट ओट्यावरच वळवळत राहिलं.

"बाबा, ती शेपूट टाकून का गेली?"

संपादक फोनवर होते. "पुढच्या अंकात सांगतो. खास तुझ्यासाठी, चित्रासकट!"

बबडीने दुसऱ्या दिवशी ही बातमी वर्गभर केली. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

लेख झकास उतरला. संकटात सापडली की पाल शेपूट सोडते, शत्रू त्या वळवळीकडे बघत बसतो, पाल निसटते आणि पुढे तिला नवं शेपूट फुटतं. संपादकांनी तो दोनदा मोठ्याने वाचला आणि स्वतःवरच खूश होऊन समितीपुढे ठेवला.

समितीच्या अध्यक्षा निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला.

"पळून जाते?"

"हो बाई. जीव वाचवायला."

"म्हणजे संकट आलं की पळायचं, आणि आपली वस्तू वाटेत टाकायची. छान! शाळेतल्या हरवलेल्या डब्यांचा ढीग पाहिलाय का कधी?"

"वर नवंही मिळतं," दुसरे सदस्य म्हणाले. ते दातांचे डॉक्टर होते. "उद्या मुलं दात घासायची बंद होतील."

तिसरे सदस्य प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. संपादकांनी त्यांच्याकडे मोठ्या आशेने पाहिलं. प्राध्यापकांनी घसा खाकरला.

"पाल शेपूट टाकते, हे शास्त्रीयदृष्ट्या खरं आहे. पण तिने ते टाकलंच पाहिजे, असं शास्त्रात कुठेही म्हटलेलं नाही."

या विधानाची इतिवृत्तात सन्मानपूर्वक नोंद झाली.

मग दुरुस्त्या सुरू झाल्या. पहिल्या दुरुस्तीत पाल परत येऊन शेपूट उचलून कचरापेटीत टाकत होती. पण ते ओल्या कचऱ्यात की सुक्या, यावर एकमत होईना. म्हणून शेपूट टाकणंच रद्द झालं. आता टाकायचं नाही आणि पळायचंही नाही, तर मांजर पालीला खाणार आणि लेखात हिंसा येणार. सबब मांजराला समजूतदार करण्यात आलं. कीटक पकडणं हे उघड्यावरचं खाणं म्हणून वगळलं. भिंतीवर पाय उमटतात, म्हणून पालीला जमिनीवर उतरवलं. शेवटी जे मंजूर झालं ते असं : 'पाल हा जमिनीवर राहणारा, वेळेवर जेवणारा आणि आपलं शेपूट जन्मभर जपणारा प्राणी आहे.'

"मग हिला पाल का म्हणायचं?" संपादकांनी चाचरत विचारलं.

"चित्र पालीचंच आहे ना?" अध्यक्षा म्हणाल्या, आणि शिक्का उमटला.

परीक्षेत प्रश्न आला : 'पाल संकटात काय करते?' अख्ख्या वर्गाने लिहिलं, 'शेपूट जपते.' बबडीने लिहिलं, 'शेपूट टाकून पळते. मी पाहिलंय.' तिला शून्य मिळालं, आणि 'मी पाहिलंय'खाली लाल शाईत शेरा मिळाला : उद्धटपणा. बबडी रडली नाही. ती बापाला घेऊन थेट शाळेत गेली.

"बाईंना सांगा तुम्ही. तुम्हीच तर मासिक काढता."

वर्गशिक्षिकेच्या टेबलावर तोच अंक उघडा होता. मार्कांची चौकशी करायला आलेले आणखी काही आईवडील बाकावर बसले होते.

"तुम्हीच सांगा, साहेब," वर्गशिक्षिका म्हणाल्या. "पाल शेपूट टाकते म्हणालात, तर हिला दोन मार्क देते. मग बाकीच्या वर्गाचे काढावे लागतील. आणि अंक चुकलाय, असं समितीला कळवावं लागेल."

बाकावरचे आईवडील एकदम ताठ झाले. बबडी बापाचं बोट घट्ट धरून वर बघत होती. संपादकांना फिरती खुर्ची आठवली.

"अंकात आहे तेच बरोबर," ते म्हणाले आणि त्यांनी हळूच बोट सोडवून घेतलं.

बाकाने सुटकेचा निःश्वास सोडला. त्यांतल्या एक बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अहो, आमच्याही घरी पडतं की शेपूट. पण मी आमच्या पोराला बजावून ठेवलंय, बघायचं ते बघ, पेपरात मात्र छापलंय तेच लिही. तुम्ही नव्हतं सांगितलं हिला?"

फाटकापर्यंत बबडी बापाच्या पुढे चालत गेली. मग म्हणाली, "बाबा, पाल शेपूट का टाकते ते मला कळलं."

"का गं?"

"तिला घाबरवलं की ती पळते. मागे राहिलेलं बसतं वळवळत."

संपादकांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं. कुणी ऐकलं नव्हतं.

"शहाणी माझी बाय," ते म्हणाले. "पण हे पेपरात लिहू नकोस हं."

आणि तुम्ही तरी दुसरं काय म्हणाला असतात?