स्पासभाऊंचे विषारी टोमॅटो

चोराने सलग तिसऱ्या दिवशी स्पासभाऊंचे टोमॅटो नेले, आणि तेही निवडून, पिकलेले तेवढेच.

सोफियातल्या त्या वसाहतीमागे शाळेसाठी राखलेली मोकळी जागा होती. शाळा काही आली नाही, उकिरडा मात्र आला. शेवटी अकरा बिऱ्हाडांनी मिळून तो उपसला आणि वाफे पाडले. निवृत्त ट्रामचालक स्पासभाऊंनी आपल्या वाफ्यात गुलाबी टोमॅटो लावले होते. स्वतःच्या रक्तदाबापेक्षा त्यांना त्या टोमॅटोंची काळजी जास्त.

चिडून त्यांनी पुठ्ठ्यावर लिहिलं, 'विषारी औषध फवारले आहे', आणि पाटी रोवली.

चोरी थांबली. पण दुपारी शेजारच्या वाफ्यातल्या दोन्काबाई कमरेवर हात ठेवून हजर.

"काय फवारलंत हो?"

आता मागे कसं हटायचं? "आहे एक. जालीम आहे."

"माझ्या मिरच्या दोन हातांवर आहेत. सकाळीच भाजून खाल्ल्या मी. तरीच मघापासून मळमळतंय."

"त्यात घातलेल्या लसणानं मळमळत असेल."

दोन्काबाईंनी सरळ पालिकेला फोन लावला.

तासाभरात मुखवटे घातलेली तीन माणसं उतरली आणि त्यांनी बागेभोवती फीत बांधली. त्यांच्यातला साहेब म्हणाला, "सगळी झाडं उपटावी लागतील. मातीसकट."

अकराही बिऱ्हाडं स्पासभाऊंकडे बघू लागली. ते घाईघाईनं पुढे झाले.

"साहेब, विषबिष काही नाही. चोरानं घाबरावं म्हणून लिहिलं."

"फवारणारे सगळे असंच म्हणतात."

"मग बघा," असं म्हणून स्पासभाऊ फितीखालून आत शिरले आणि त्यांनी एकामागून एक तीन टोमॅटो न धुता खाल्ले. तिसऱ्याचा रस कोपरापर्यंत ओघळला.

साहेबांनी शांतपणे वहीत नोंद केली. "विषबाधेचा संशयित रुग्ण, एक," ते म्हणाले आणि त्यांनी रुग्णवाहिका बोलावली.

रुग्णालयात स्पासभाऊंचं पोट आतून धुऊन काढलं. आपण ठणठणीत आहोत हे ते नळी घशात जाईपर्यंत सांगत होते.

तिसऱ्या दिवशी दोन्काबाई भेटायला आल्या. डोळे ओले, हातात बरणी.

"तपासणीत काही निघालं नाही. बाग वाचली, स्पासभाऊ. तुम्ही जिवावर उदार झालात आमच्यासाठी."

स्पासभाऊंनी मोठा श्वास सोडला. "आणि माझे टोमॅटो?"

"उन्हानं तडकायला लागले होते. म्हटलं, एवढ्या देवमाणसाचा माल नासू द्यायचा? सगळ्यांनी मिळून संपवले. पालिकेच्या साहेबांनीही पिशवीभर नेले."

"सगळे?"

"हिरवेसुद्धा. त्यांचं लोणचं घातलं." त्यांनी बरणी पुढे केली. "तुमच्यासाठी ही चटणी राखलीय."

चोरानं तीन दिवसांत नेले होते सात. पण समोरची बाई इतक्या मायेनं बघत होती की स्पासभाऊंना रागावताही येईना. त्यांनी चमचा उचलला.

"आजोबा, ठेवा तो खाली," दारातून परिचारिका म्हणाली. "आठवडाभर आंबट बंद, तिखट बंद. नुसता भात."

दोन्काबाई हळहळल्या आणि त्यांनी बरणी शेजारच्या खाटेवर सरकवली. तिथला मोडक्या पायाचा गृहस्थ पावाचा तुकडा बुडवून सावकाश चावत राहिला.

"बरी आहे," तो म्हणाला. "टोमॅटो जरा आणखी पिकू द्यायला हवे होते."