वेशीबाहेर परबकाका

आमच्या शेजारचे परबकाका रोज दिवेलागणीला गाऱ्हाणं घालतात. कोकणातल्या माणसाने गाऱ्हाणं घालण्यात नवल काही नाही. पण काका ते कॉम्प्युटरसमोर उभे राहून घालतात. सुरुवातीला पडद्यावर बर्फ पडत असायचा, दूर कुठेतरी लांडगा रडत असायचा आणि काका हात जोडून खड्या आवाजात सांगत असायचे, "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकराक डोंगरापलीकडच्या शहरात जावचा आसा. वाटेत थंडी आसा, लांडगे आसत, भुताखेतांचो उपद्रव आसा. जो कोण आडवो येयत तेका बाजूक कर, आणि दोघांकय सुखरूप पोचव रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला ऐकणाऱ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणावं लागतं, तरच ते वर पोचतं. काका घरात एकटे, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. मी माहेरची साताऱ्याची, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी मी लाजत, पुटपुटत म्हटलं तर काका मागे वळून म्हणाले, "मेघना, बँकेत आलीस काय गो? देव लांब आसा. मोठ्यान म्हण."

पण मी त्या घरात गेले ती काही गाऱ्हाण्यासाठी नाही. मला भिंतीतून परबकाकू ऐकू आल्या म्हणून गेले.

काकू साथीच्या काळात गेल्या. आमच्या चारकोपच्या सोसायटीत भिंती अशा, की काकांनी फोडणी दिली की आम्हाला ठसका लागतो. काकू गेल्यावर फोडणीही बंद झाली आणि काही महिने तिकडून नुसता पंख्याचा आवाज यायचा. मग एका संध्याकाळी मी चहा गाळत असताना भिंतीपलीकडून आवाज आला.

"हॅलो... हॅलो... येता काय रे आवाज?"

काकूंसारखा नव्हे, काकूंचाच. 'हॅलो' म्हटल्यावर त्यांना जी बारीकशी धाप लागायची, तीसुद्धा होती. माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. पाठोपाठ वारा घोंघावला, आमच्याकडे मे महिन्यात कधी घोंघावत नाही तसा, आणि पुन्हा काकू म्हणाल्या, "गळ्याक मफलर गुंडाळ."

मी नवऱ्याला हाक मारली. तो म्हणाला, टीव्ही असेल. मी म्हटलं, टीव्हीवर काकू कशाला येतील? त्यावर त्याने उठून आमच्या टीव्हीचा आवाज वाढवला. तेवढ्यात खाडीकडच्या कांदळवनात कोल्हे ओरडायला लागले. ते अधूनमधून ओरडतात, त्यात नवीन काही नव्हतं, पण त्या दिवशी मला ते बरं वाटलं नाही.

मी स्वभावाने भित्री आहे आणि चौकस त्याहून जास्त आहे. वाटीत थोडी उसळ घेतली आणि निघाले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत दिवा नाही, फक्त पडद्याचा निळसर उजेड, आणि त्या उजेडात काका अंगावर शाल आणि डोक्याला माकडटोपी घालून बसलेले. घामाने निथळत होते. पडद्यावर हिरवा झगा घातलेली एक उंच, किडकिडीत बाई पाठमोरी उभी होती. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि ती सावकाश वळली, सरळ माझ्याकडे बघितलं आणि काकूंच्या आवाजात म्हणाली, "जेवलंस काय रे?"

उसळीची वाटी माझ्या हातून पायावर कलंडली.

"घाबरू नको," काका म्हणाले. "ओंकारान केल्यान."

ओंकार हा त्यांचा मुलगा. परदेशात कॉम्प्युटरचंच काहीतरी करतो. गेम जुनाच, तलवारी, जादू, राक्षस असला, पण अशा गेमवर लोक आपापली भर घालतात, तिला मॉड म्हणतात. मला ते समजावताना काका म्हणाले, "हॉटेलची मिसळ घेतो आपण, आणि वर घरचं फरसाण टाकतो ना, तसं." कुणीतरी थंडी घातली, कुणी भूक घातली, कुणी आजारपणं घातली, आणि होता होता तो खेळ इतका कडक झाला की पहिल्या गावातून जिवंत बाहेर पडणं हेच मोठं काम होऊन बसलं. आपल्या ओंकारने त्यात आई घातली. काकूंनी त्याला वर्षानुवर्षं फोनवर जे निरोप बोलून पाठवले होते, ते त्याने जपून ठेवले होते. ते सगळे त्याने खेळात सोबतीला चालणाऱ्या या बाईच्या तोंडी बसवले आणि बापाला कॉम्प्युटर पाठवून दिला. एकटे बसण्यापेक्षा बरं, एवढाच त्याचा हेतू.

"कान बघ," काका म्हणाले. बाईचे कान टोकदार होते. "तेवढे सोडले तर तीच."

काका नोकरीभर पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. पट्ट्यावरून पंखा येणार, काका कान लावून ऐकणार, आणि म्हणणार 'पास' किंवा 'रिजेक्ट'. ही सवय गेली नाही. माझे पोहे पास आहेत. सोसायटीचा सेक्रेटरी रिजेक्ट आहे. गेममधली तलवार त्यांनी पहिल्याच दिवशी रिजेक्ट केली आणि कढई घेतली. "तलवार घेऊन लोक मरतात," म्हणाले. "पाणी उकळून प्यायचं. ओले कपडे आधी सुकवायचे. आधी शेकोटी, मग शूरपणा."

एवढं करूनही ते मरायचे, आणि मरायचेही असे की कुणाला सांगायची सोय नाही. एकदा मी विचारलं, "काय झालं काका, गेलात का पुढे?" तर ओशाळून म्हणाले, "नाय गो. कोंबडीन मारल्यान." ओढ्यात पाय भिजला, ताप भरला, तापात अशक्तपणा आला आणि गावातल्या कोंबडीने चोच मारली. त्यांचा जीव असा खालावला की काकू हमखास म्हणायच्या, "तुझो बापूस माझा काय एक ऐकणा नाय." ओंकारने ते वाक्य मुद्दाम तिथे बसवलं होतं. काका मरता मरता हसायचे.

पण मेल्यावर हसू जायचं. कारण या खेळात मेलेला परत येत नाही. सगळं पुसलं जातं आणि पुन्हा पहिल्या गावातल्या विहिरीपासून सुरू. विहिरीवर काकू उभ्या असतात आणि त्यांना काही म्हणजे काही आठवत नसतं. "हॅलो... हॅलो... येता काय रे आवाज?" भिंतीपलीकडून हे ऐकू आलं की मी समजायचे, काका आज पुन्हा मेले. पुढे पुढे मला त्या हॅलोची धास्तीच बसली. संध्याकाळी भाजी चिरताना मी कान देऊन असायचे आणि मनात म्हणायचे, आज नको.

सगळ्यात वाईट मरण राखणदारापायी आलं. काका एकदाचे गावाच्या वेशीपर्यंत पोचले होते. आता वेस ओलांडायची म्हणजे कोकणच्या रिवाजाप्रमाणे जागा सांभाळणाऱ्या अदृश्य राखणदाराला काहीतरी ठेवायला हवं. नारळ नव्हता. काकांनी वेशीवरच्या एका दगडापाशी पाव, भाजलेलं मटण आणि दारूची बाटली मांडली, उभे राहून गाऱ्हाणं घातलं, मी 'व्हय म्हाराजा' म्हटलं, आणि त्याच दगडाला टेकून दोघं विसावली. खेळात अन्नाचा वास जंगलात जातो, हे कुणाला माहीत? अंधारातून अस्वल आलं. काकूंना त्याने आधी धरलं. त्या नेमक्या तेव्हा म्हणाल्या, "येताना कढीपत्तो हाड." अस्वलाच्या तावडीतून कढीपत्ता आणायला सांगतात हे ऐकून मला हसू आलं आणि लगेच अंगावर काटा आला. काकांनी डोळे मिटून घेतले होते.

त्या रात्री ओंकारचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला. "बाबा, ऐका ना," तो म्हणाला, "हा खेळ सुरुवातीला असाच असतो. सगळे जण सोबतीच्या माणसाला मागे धर्मशाळेत ठेवून एकटे पुढे जातात. एकट्याला कपडे पुरतात, खाणं पुरतं. तुम्ही दोन्ही झगे तिलाच घालता, मग तुम्ही गारठणारच."

"बरं," काका म्हणाले आणि फोन ठेवला. मग मला म्हणाले, "नाय जमायचं."

"का पण? खेळच तर आहे."

"एकदा तिला फाटकावर सोडून इलंय मी," काका म्हणाले.

मला तो दिवस आठवत होता. अँब्युलन्स खाली आली होती आणि आम्ही सगळे आपापल्या खिडक्यांतून बघत होतो. हॉस्पिटलच्या फाटकावर सांगितलं, फक्त पेशंट आत. तेव्हा सगळीकडे तोच नियम होता. काका दुपारी परतले ते हातात पिशवी घेऊन. तिच्यात काकूंचा टॉवेल, कंगवा आणि मफलर होता. आत द्यायचं राहून गेलं होतं. पुढे ते कधी दिलंच गेलं नाही.

त्यानंतर मी 'खेळच तर आहे' हे वाक्य पुन्हा तोंडातून काढलं नाही.

मग ती रविवारची संध्याकाळ. काकांनी भिंतीवर टकटक केली. मी धावले. पडद्यावर मोठी काळी तटबंदी होती. डोंगरापलीकडचं शहर. दोघं पहिल्यांदाच तिथवर पोचली होती, पण काकू वाटेत आजारी पडल्या होत्या. त्यांचा खोकला ऐकू येत होता. तो खोकला खेळातलाच होता. खरा ओंकारने घातला नव्हता. वेशीवरचा पहारेकरी इंग्रजीत काहीतरी बोलला. काकांनी खालची अक्षरं वाचली.

"म्हणता, तू ये. ती नाय. आजारी माणूस आत घेणत नाय."

मी शहाणपणाने म्हटलं, "काका, तुम्ही आत जा, औषध घ्या आणि परत या."

"औषध आतच आसा," काका म्हणाले. "तेव्हाय आतच होतां."

त्यांनी वेशीबाहेर बर्फात शेकोटी पेटवली. दोन्ही झगे काकूंच्या अंगावर होते. रात्र उतरली ती पडद्यावर. बाहेर अजून तिन्हीसांजच होती. शेकोटी बघून अंधारात आधी दोन डोळे चमकले, मग आणखी, मग मोजता येईनात. ते हलत नव्हते, नुसते बघत होते. तेवढ्यात शेकोटीपाशी काकू धापा टाकत म्हणाल्या, "काळोखात फिरू नको."

काका उठले. म्हणजे पडद्यावरचे काका उठले. जवळचं होतं नव्हतं ते अन्न घेतलं आणि सरळ त्या डोळ्यांच्या दिशेने अंधारात चालू लागले.

"काका, मागच्या वेळी अस्वल आलं होतं," मी म्हटलं.

"मागच्या वेळी आपण त्याच्या पानात बसलो होतो. चूक आपली. राखणदाराचं पान राखणदारापाशी, आपण आपल्या जागी."

लांब एका दगडावर त्यांनी सगळं मांडलं. परत शेकोटीपाशी आले. मग खुर्चीतून उठून खरोखरचे हात जोडले. या वेळी गाऱ्हाणं लहान होतं. "बा देवा म्हाराजा, हयसर आमका कोण वळखणा नाय. जा काय होता तां तुझ्या पुढ्यात ठेवलां. हिका राख रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी इतक्या मोठ्याने म्हटलं की खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं.

त्याच क्षणी कोल्हेकुई सुरू झाली. खाडीतली की खेळातली, मला आजही सांगता येणार नाही. डोळे एकेक करून वळले आणि दगडाकडे गेले. अंधारात हाडं फुटल्याचा आवाज येत राहिला. आम्ही दोघं श्वास धरून शेकोटीकडे बघत होतो. काका मधूनमधून तिच्यात लाकूड टाकत होते, आणि मी का कोण जाणे, पडद्यापुढे हात शेकत होते.

पडद्यावर उजाडलं. खोकला थांबला होता. पहारेकऱ्याने काकूंकडे पाहिलं आणि बाजूला झाला. दोघं एकदमच आत गेली. आत पाऊल पडताच काकू म्हणाल्या, "पोचलंस मां? बरां झालां. आता जरा पड."

हा निरोप ओंकार पहिल्यांदा परदेशात उतरला तेव्हाचा होता. काकांनी माकडटोपी काढली. "पोचलांव गो," ते पडद्याला म्हणाले, "दोघांय." आणि टोपीत तोंड खुपसून रडले. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

ओंकार सांगतो की खरा खेळ तिथून पुढे सुरू होतो. ड्रॅगन आहेत, राजे आहेत, युद्धं आहेत. काकांनी ते सगळं रिजेक्ट केलं. त्या शहरात त्यांनी एक खोली घेतली आहे. दिवेलागणीला ते कॉम्प्युटर लावतात, काकूंना चुलीपाशी बसवतात आणि स्वतः इकडे स्वयंपाकघरात भात टाकतात. हल्ली आम्हाला पुन्हा ठसका लागतो. मधूनच भिंतीपलीकडून प्रश्न येतो, "जेवलंस काय रे?" आणि काका आतून ओरडतात, "बसतंय, बसतंय."

त्याआधी गाऱ्हाणं असतंच. आता मला तिकडे जावं लागत नाही. आता ते कुठे पोचव म्हणत नाहीत, काही मागत नाहीत. "हयसर आसा तां हयसरच रवांदे रे म्हाराजा," एवढंच म्हणतात आणि थांबतात. मी हातातलं गाळणं खाली ठेवते आणि भिंतीकडे तोंड करून, देव लांब आहे हे लक्षात ठेवून, मोठ्याने म्हणते, "व्हय म्हाराजा."