जुना ड्रायव्हर बोलवा

नामदेवराव गावंडे चहा मागत नाहीत. ते चहाची घोषणा करतात.

"स्वयंपाकघराकडून ओसरीकडे येणारा चहा," सकाळी साडेसहाला माझ्या समोरच्या घरातून खणखणीत आवाज येतो, "दहा मिनिटे उशिराने येत आहे, याची कृपया नोंद घ्यावी." आतून मंदाकाकू एवढंच म्हणतात की दूधच आत्ता आलं. मग आर्णीतल्या आमच्या गल्लीचा दिवस सुरू होतो.

नामदेवरावांची सगळी नोकरी बसस्टँडवर गेली. नियंत्रकाच्या खोलीत बसायचं, समोर माईक, आणि कोणती गाडी कुठून आली, कुठे चालली, ते सांगायचं. निवृत्त झाले तेव्हा माईक तिथेच राहिला, घोषणा मात्र घरी आल्या. पाहुणे आले की घोषणा, नळ आला की घोषणा. गंमत म्हणजे घोषणा अगदी शुद्ध, छापील मराठीत असते आणि ती संपली की माणूस लगेच वऱ्हाडीवर येतो. "पाणीपुरवठा अनिश्चित काळासाठी स्थगित करण्यात आला आहे" म्हणतील, आणि पुढच्याच श्वासात, "काहून जी मॅडम, तुमच्या घरी तरी आला काय नळ?"

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "उशीर आहे, रद्द नाही." पावसापासून पुतण्याच्या लग्नापर्यंत ते कशालाही लावतात. मी इथे बदलून आले, त्या महिन्यात माझा गॅस संपला आणि नवीन सिलिंडर काही येईना, तेव्हा त्यांनी ते मलाही ऐकवलं होतं. सोबत मंदाकाकूंच्या हातची भाकरी आणि ठेचा पाठवला होता, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

मी इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. गल्लीच्या मते विजेवर चालणारं सगळं माझ्या विषयात येतं. मिक्सर, इन्व्हर्टर, कुणाच्या मोबाइलचा पासवर्ड, सगळं माझ्या दारात येतं. नामदेवरावांचा लॅपटॉप येणार हे ठरलेलंच होतं.

हा लॅपटॉप त्यांच्या मुलीचा. तिनं नवीन घेतला आणि जुना बाबांना देऊन टाकला. नामदेवरावांनी तो बैठकीत ठेवला नाही, ओसरीवर ठेवला नाही, नेऊन ठेवला मागच्या कोठीच्या खोलीत. तिथे धान्याच्या कोठ्या, तुरीची पोती आणि एक जुना लाकडी स्टूल. स्टुलावर भिंतीला अगदी चिकटवून लॅपटॉप, त्यावर धुतलेला नॅपकिन. एवढी अडचणीची जागा का, असं मी एकदा विचारलं होतं. त्या खोलीत थंडावा असतो, मशीनला मानवतो, असं काहीतरी त्यांनी सांगितलं. मे महिन्यात त्या खोलीत मी पाच मिनिटं उभी राहू शकले नव्हते, पण वाद घातला नाही.

रोज सकाळी चहा झाला की ते पेपर घेऊन त्या खोलीत जात आणि दार लावून मोठ्यानं वाचत. कापसाचे भाव, सोयाबीनचे भाव, तुरीचे भाव, हवामान, मग निधनवार्ता. गल्लीला वाटायचं, माईकची आठवण येते बिचाऱ्याला. मंदाकाकूंना कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "गळा मोकळा करतेत ते." मी साडेसातला कॉलेजला निघते, त्यामुळे पुढे काय होतं ते मला कधी कळलं नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. एका सकाळी लॅपटॉप उघडला तर निळ्या पडद्यावर अक्षरं आली की अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका. नामदेवरावांनी ही सूचना अक्षरशः पाळली. पावणेतीन तास ते स्टुलासमोर बसून होते आणि मधूनमधून टक्के जाहीर करत होते. "सत्तावीस टक्के." बराच वेळानं, "सत्तावीस टक्के." मंदाकाकूंनी जेवण तिथेच नेऊन दिलं. शंभर टक्के झाले, लॅपटॉप सुरू झाला, आणि कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह गायब. ब्लूटूथचं निळं चिन्हही गायब.

पुढचे आठ दिवस मी गावात नव्हते, परीक्षेच्या कामाला वणीला गेले होते. तेवढ्यात ज्याला जे सुचलं त्यानं ते सांगून घेतलं. मोबाइलच्या दुकानवाला म्हणाला, सगळं पुसून नव्यानं टाका. शेजारचे मास्तर म्हणाले, दोन दिवस विश्रांती द्या. नामदेवरावांनी विश्रांती देऊन पाहिली. मी रविवारी परत आले तर ते माझ्या फाटकाशी उभे. घोषणा नाही, काही नाही. दाढी वाढलेली.

"मॅडम," म्हणाले, "गाडी बंद पडली जी."

मी बॅग ठेवली आणि तशीच गेले. आधी विमानाचं चिन्ह पाहिलं, कारण चुकून ते दाबलं गेलं तर सगळं बिनतारी बंद होतं. ते बंदच होतं. नामदेवराव म्हणाले, ते चिन्ह त्यांनाही दिसलं होतं. आर्णीत विमान कायले येईन, म्हणून तिकडे बोटही लावलं नव्हतं. मग लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. कधी कधी तेवढ्यानं भागतं. भागलं नाही. शेवटी आतल्या सगळ्या सुट्या भागांची यादी उघडली, तर वायफायच्या ओळीवर पिवळा त्रिकोण आणि आत उद्गारचिन्ह.

मी समजावून सांगितलं की वायफायचा भाग जागेवर आहे, शाबूत आहे, पण त्याला चालवणारा ड्रायव्हर बिघडला आहे. अपडेटनं जुना काढून नवा बसवला आणि नव्याचं या मशीनशी जमत नाही.

हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत पहिल्यांदा जान आली असावी. हा प्रकार त्यांच्या खात्यातला होता. नवा ड्रायव्हर अनोळखी मार्गावर पाठवला की काय होतं, हे त्यांनी मला उदाहरणांसकट सांगितलं. मुकुटबनच्या रस्त्याला एकदा असाच नवा माणूस दिला, तो गाडी घेऊन कुणाच्या तरी कापसात उतरला.

"जुना ड्रायव्हर बोलवा," ते म्हणाले. "त्याले रस्ता माहीत हाय."

आणि खरोखर तोच उपाय होता. मागच्या ड्रायव्हरवर परत जायचं बटण तिथे होतं. दाबलं, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, वायफायचं चिन्ह आलं. मला वाटलं आता घोषणा होईल. पण नामदेवराव चिन्हाकडे पाहतसुद्धा नव्हते.

"वायफाय राहू द्या जी," ते म्हणाले, "ते निळं पाहा पहिले."

ब्लूटूथनं जास्त छळलं. तिथे मागे जायचं बटण पुसट होतं, दाबलं जात नव्हतं. तो भाग यादीतून काढला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला, आणि आता वायफाय होतं म्हणून लॅपटॉपच्या कंपनीचा ड्रायव्हर उतरवून बसवला. निळं चिन्ह आलं. आत एकाच वस्तूचं नाव होतं, एक स्पीकर. पुढे लिहिलं होतं: जोडलेला नाही. दोनदा प्रयत्न केला, जुळेना. तेव्हा ते नाव पुसून नव्यानं ओळख करून द्यायची, एवढंच उरलं. त्यासाठी स्पीकरचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावं लागतं.

मी म्हटलं, स्पीकर आणा.

नामदेवरावांनी स्टुलावरचा नॅपकिन उचलला. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी नॅपकिनची घडी केली, मोडली, परत केली. मंदाकाकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांगून टाका न आता मॅडमले. आठ दिवस झाले, धड जेवून नाही राह्यले तुम्ही."

नामदेवरावांनी हनुवटीनं भिंतीकडे दाखवलं.

त्या भिंतीपलीकडे त्यांचे थोरले भाऊ पुंडलिकराव राहतात. वडिलांनी बांधलेल्या सिमेंटच्या घराचे मधे विटा रचून दोन भाग केलेले. भावाभावांत नऊ वर्षांपासून बोलणं नाही, हे गल्लीला ठाऊक होतं. कारणही ठाऊक होतं. घरातल्या एका लग्नात माईक अर्थातच नामदेवरावांच्या हातात होता आणि निमंत्रकांची नावं वाचताना त्यांनी थोरल्याचं नाव तिसरं घेतलं. कागदावर ज्या क्रमानं लिहून आलं तसं वाचलं, असं यांचं म्हणणं. पुंडलिकराव मांडवातून उठून गेले. त्यांनी जाता जाता काहीतरी म्हटलं, यांनी माईकवरूनच उत्तर दिलं, आणि ते सगळ्या वऱ्हाडानं ऐकलं.

पुढे पुंडलिकरावांचे डोळे गेले. शेती बटईनं, अर्ध्या वाट्यानं दुसऱ्याला कसायला दिली, पेपर वाचणं सुटलं. मंदाकाकू आणि थोरल्या जाऊबाई नलूताई यांचं बोलणं मात्र कधीच बंद पडलं नव्हतं. नामदेवरावांनी स्पीकर आणला, मंदाकाकूंनी तो पदराखालून पलीकडे पोचवला, आणि नलूताईंनी नवऱ्याला सांगितलं की भाच्यानं नव्या तऱ्हेचा रेडिओ पाठवला आहे. सकाळी पेपर वाचून आवाज लॅपटॉपमध्ये भरून ठेवायचा, आठ वाजता लावायचा. ब्लूटूथला एका विटेच्या भिंतीचं काही वाटत नाही. म्हणून ती कोठीची खोली, आणि म्हणून तो भिंतीला चिकटवलेला स्टूल.

आता कुणीतरी पलीकडे जाऊन बटण दाबायला हवं होतं. नलूताई माहेरी गेल्या होत्या. मंदाकाकूंना थोरल्या दिरांच्या समोर जाऊन त्या स्पीकरला हात लावायचं धाडस होईना. मग मीच वळसा घालून गेले.

पुंडलिकराव ओसरीवर खुर्चीत बसले होते. मी कोण ते सांगितलं. त्यांनी बसायला सांगितलं, कॉलेजची चौकशी केली. रेडिओ बिघडल्याचं कळलं म्हणून पाहायला आले, असं मी म्हणाले. त्यांनी हातानं चाचपून शेजारच्या खिडकीतला स्पीकर उचलला आणि माझ्या हातात दिला. मी बटण दाबून धरलं, निळा दिवा लुकलुकू लागला. फोनवरून मंदाकाकूंना सांगितलं की आता यादीत नाव दिसेल, त्यावर टिचकी मारा.

मग पुंडलिकराव हळूच म्हणाले, "मॅडम, त्या रेडिओवाल्याची तब्येत बरी हाय न?"

बरी आहे, मी म्हणाले.

"आठ दिवस आवाज नाही. कोणाले विचारू, अशी पंचाईत झाली. त्याले सांगा, आकडे चुकवून राह्यला तो. बंद पडायच्या आदल्या दिवशी तुरीचा भाव दोनदा वेगळा वाचला. मले बी असंच व्हायचं सुरुवातीले. म्हना, डोळे दाखवून घे."

हातातल्या स्पीकरमधून टुंग असा आवाज आला. जुळलं होतं.

निरोप मी जसाच्या तसा दिला. नामदेवरावांनी तो उभ्यानं ऐकला आणि आत गेले. मला वाटलं, विषय संपला. पण शनिवारी मी आईकडे यवतमाळला निघाले तेव्हा ते आंघोळ करून, पांढरा सदरा घालून फाटकाशी उभे होते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोबत येता काय, एवढंच विचारलं.

डॉक्टर बाईंनी थेंब टाकले, दाब मोजला, यंत्रात पाहिलं. सुरुवात आहे म्हणाल्या, काचबिंदूची. वेळेवर आलात, रोज थेंब टाकले तर नजर टिकेल. मग कागद पुढे ओढून विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का.

"हाय," नामदेवराव म्हणाले. "माह्या मोठ्या भावाले."

भावाचा कोणता डोळा आधी गेला हे सांगता येईल का, असं बाईंनी विचारलं. नामदेवरावांना सगळं सांगता येत होतं. उजवा आधी. तूर कापणीच्या दिवसांत उजवीकडचं धसकट दिसायचं नाही, ठेच लागायची. रस्त्यानं जाताना उजव्या अंगाच्या माणसाला ओळख द्यायचा नाही, लोक म्हणायचे गर्व आला. मग डावा. कपाच्या बाहेर चहा ओतायला लागला तो कोणत्या सणाला, तेही यांना माहीत होतं. बाईंनी लिहिता लिहिता सहज विचारलं की मग तेव्हाच का नाही आणलं.

"बोलणं बंद होतं," नामदेवराव म्हणाले.

बाईंचा पेन थांबला. नामदेवरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, भावाला डाव्या डोळ्यानं अजून उजेड समजतो, दारात कुणी उभं राहिलं की समजतो. आणला तर पाहाल का? बाई म्हणाल्या, गेलेली नजर परत येत नाही, पण आहे तो उजेड राखता येतो का ते पाहू. घेऊन या.

सोमवारी सकाळी मी कॉलेजला निघत होते. नामदेवराव थोरल्याच्या फाटकात उभे होते. आत नलूताई, माहेराहून कालच परतलेल्या, डॉक्टरांकडे जायचं म्हणून पुंडलिकरावांच्या पायात चप्पल घालत होत्या. नामदेवराव आत गेले आणि भावापुढे पाठ करून उभे राहिले. ज्या माणसाला नळाचंसुद्धा जाहीर केल्याशिवाय राहवत नाही, तो नुसता उभा होता.

पुंडलिकरावांनी हात पुढे केला. तो आधी टोपीवर पडला, मग कानावर, मग खाली येऊन खांद्यावर थांबला. बोटांनी त्यांनी खांद्याचं हाड चाचपलं.

"बारीक झाला रे तू," पुंडलिकराव म्हणाले.

नामदेवरावांनी मान हलवली, आणि भावाला ती दिसत नाही हे लक्षात आल्यावर, अगदी हळू आवाजात "हो" म्हणाले.